टाकीतल्यांना थंडी वाजते का

आई, काल दुपारी भावाचा फोन आला. मी कॉलेजात शिकवून घरी येऊन पिंपं भरत होते. इथं सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की हातातलं सगळं टाकून त्याच्या मागं लागायचं असतं. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून ऐकत होते. आधी पिकापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "आक्का, ती गोबरगॅसची टाकी बुजवून घेतो. ट्रॅक्टरला शेड मारायचंय तितं. उगं उघडा खड्डा ठिवून काय करायचं, पोरंबाळं फिरत्यात." आणि वर, "तुजं काय म्हणणं?" असं विचारलं. पिंप भरून वाहायला लागलं तरी नळ बंद करायचं माझ्या लक्षात आलं नाही. त्याला मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते शेवटी सांगते. त्याच्या आधी तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. मी शाळेत होते तेव्हा तू तो विचारला होतास, त्या टाकीच्या काठावर उभी राहून.

टाकी आली ती तुझ्या दम्यामुळं. बार्शीच्या डॉक्टरांनी तुझी छाती तपासली, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, बाई, धूर सोडा. धूर सुटला नाही तर माझ्या गोळ्या कशाला घेताय. परत येताना एसटीत तू खिडकीशी बसली होतीस. मग माझ्याकडं वळून म्हणालीस, "धूर सोडा म्हणं. मी काय त्येला धरून ठिवलाय?" आण्णा दर हंगामाला ट्रॅक्टर घेऊन श्रीपूरकडं उसाच्या वाहतुकीला जायचे आणि कारखाना बंद होईस्तोवर परतायचे नाहीत. त्या वर्षी जायच्या आधी त्यांनी पंचायतीत खेटे घालून टाकी मंजूर करून घेतली. विहिरीसारखा गोल खड्डा, आतून विटांचं बांधकाम, वर पालथी घातलेली मोठी लोखंडी टोपी. शेण आणि पाणी निम्मं-निम्मं कालवून एका तोंडानं आत सोडायचं, दुसऱ्या तोंडानं जुनी रबडी, म्हणजे आत पचून पातळ झालेलं शेण, बाहेर पडायची. आत गॅस साठला की टोपी वर उचलली जायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. सकाळी उठलीस की तू आधी टोपी बघायचीस, मग तोंड धुवायचीस. पहिल्या दिवशी शेगडी पेटली तेव्हा तिच्यावर भांडं ठेवायचं सोडून तू नुसती त्या निळ्या जाळाकडं बघत बसलीस. आत्या दारातून म्हणाली, "देवापुढं दिवा लावलाय का काय? ठिव की कायतरी वर."

आत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आपल्याकडं राहायला आली, आणि घरात कोणी काय बोलावं, कोणी काय खावं हे ठरवायचा अधिकार तिनं कुणी न देता घेतला होता. तुझं आणि तिचं भांडण असं कधी नव्हतं. तुम्ही दोघी एकमेकींना टोमणे मारत दिवस काढायचा. खरी फूट पडली ती दुष्काळात दोन जनावरं विकावी लागली तेव्हा. चार जनावरांची टाकी, आणि गोठ्यात उरली दोन. टोपी अर्धीच उठायला लागली. सकाळच्या भाकरी झाल्या की जाळ मिणमिणायचा, आणि कालवणाला परत चूल. तेव्हा टाकी बांधणारे मिस्त्री म्हणाले, संडास जोडून घ्या, बऱ्याच जणांनी जोडलाय. आण्णा कारखान्यावर होते. तू कुणाला न विचारता होकार दिलास.

आत्यानं त्या दिवशी आपलं ताट, तांब्या आणि पिठाचा डबा उचलला आणि परसात तीन दगडांची चूल मांडली. "त्या इस्तवावरचा घास माज्या नरड्याखाली उतरायचा न्हाय," म्हणाली. तू तिची समजूत घालायला गेलीस. म्हणालीस, "वन्सं, रानात सोनखत टाकतावच की आपण. त्याच रानातली ज्वारी खाता न्हवं तुमी?" आत्या फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "रानात टाकल्यालं माती खाती. मातीला कशाचा इटाळ न्हाय. मी काय माती हाय व्हय?"  मी मातीवर आणि गाळावर इतकी वर्षं काम केलं, तरी वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना अजून हेच वाक्य सांगते, माती खाते. कुणाचं आहे ते सांगत नाही. परसातून आत्याचा आवाज वर्षभर येत राहिला. पाव्हणं आलं की सांगत जा बरं का चा कशावर उकळलाय ते, म्हणायची. आणि तू आतून, गोड लागला की कोण इचारत न्हाय.

मग तो हिवाळा आला. माणसं आणि जनावरं मिळून टाकीचं पोट कसंबसं भरत होतं, पण थंडी पडली तशी टोपी हलेनाशी झाली. तू टाकीभोवती कडब्याच्या पेंढ्या रचल्यास. शेण कालवायला कोमट पाणी घ्यायला लागलीस. त्यातल्याच एका सकाळी मी बार्शीच्या शाळेची एसटी गाठायच्या गडबडीत होते आणि तू टोपीवर बोटांनी टकटक करून मला विचारलंस, "आत हाय तरी कोण गं? कोण करतं ह्यो गॅस?" मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं, जंतू असतात, दिसत नाहीत एवढे बारीक, ते शेण खातात आणि गॅस सोडतात. तू टोपीवर तळवा टेकवलास. "मग त्यास्नी बी थंडी वाजती व्हय?" एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि मी "वाजत असंल" म्हणत पळाले.

पुढचं जे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. दिवसभर नांगर ओढून दमलेल्या बैलाला आपण गूळ चारतो. बाळंतिणीला गूळ, उपासाच्या माणसाला गूळ. कोठीत पावसाळ्यात पाझरलेल्या गुळाच्या ढेपा होत्या, खाण्याजोग्या राहिल्या नव्हत्या. तू त्या कोमट पाण्यात विरघळवल्यास आणि टाकीला पाजल्यास. पहिले दोन-तीन दिवस टोपी अशी फुगली की तू मला हाताला धरून दाखवायला नेलंस. म्हणून तू आणखी गूळ घातलास, वर शिळ्या भाकरीही कुस्करून घातल्यास. आणि मग एका सकाळी टोपी उठलेली, पण शेगडीला काडी लावली की काडी विझायची. गॅस होता, पेटत नव्हता. थोड्या दिवसांनी टोपीही खाली बसली. बाहेर येणाऱ्या रबडीला शेणाचा नाही, नासलेल्या ताकासारखा वास यायला लागला.

चूल परत घरात आली. तुझा दमाही तिच्या मागोमाग आला. तू भाकरी थापताना मध्येच थांबून गुडघ्यावर हात टेकायचीस, तोंड उघडं ठेवून श्वास ओढायचीस, आणि तो आवाज शांत झाला की परत पीठ हातात घ्यायचीस. मी म्हटलं, मी करते, तर म्हणायचीस, तुझी एसटी चुकल. मी शाळेत बसून फळ्याकडं बघत तो आवाज ऐकायची. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आई ही गोष्ट संपू शकते.

मिस्त्री आले तेव्हा आत्याही परसातून उठून आली. त्यांनी रबडी काठीवर घेऊन वास घेतला. "वैनी, काय चारलंय ह्येला?" आत्या म्हणाली, "गूळ. बाळंत झालीया न्हवं टाकी." मिस्त्री हसले, पण तू रडवेली झाली होतीस ते बघून गप्प झाले. म्हणाले, अजीर्ण झालंय, दुसरं काही नाही. आता हिला उपाशी ठेवा, शेणसुद्धा घालू नका. चुना थोडा सोडू, आणि शेजारच्या वस्तीवरच्या चालू टाकीतलं इरजण आणून घालू. किती दिवस, तू विचारलंस. ते म्हणाले, "त्ये तिच्या मनावर हाय. घाई क्येली की परत नासंल." घाई तर तुझ्या श्वासाला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुलीपाशी बसलीस आणि आत्यानं आत येऊन तुझ्या हातातली परात ओढून घेतली. "ऊठ. तुजी धाप ऐकून माजी भाकर करपाया लागलीया तिकडं." तू म्हणालीस, वन्सं, तुमाला न्हाय व्हय धूर लागत? "लागतो की. पर मी खोकत न्हाय. सवय मोडली न्हाय मी चैनीनं." टोमणा मारायची संधी तिनं तेव्हाही सोडली नाही. पण टाकी उपाशी होती तेवढे सगळे दिवस आपण सगळे परसात, आत्याच्या चुलीवरचं जेवलो. तू वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली बसायचीस, आणि वारा फिरला की आत्या ओरडायची, सर तिकडं. शेजारच्या वस्तीवरून रबडीच्या बादल्या आणल्या त्याही तिनंच, पदर नाकाला लावून, तोंडानं अखंड बोलत. टोपी परत चार बोटं उठली तेव्हा काडी पुन्हा विझली, आणि तू पार खचलीस. मग आणखी काही दिवसांनी निळा जाळ आला. तू आत्याला पहिला चहा करून नेलास. तिनं तो लिंबाच्या बुडाशी ओतला आणि म्हणाली, जाऊ दे, तुजं जमलं न्हवं, झालं. त्या जाळावरचं ती तरीही खाणार नव्हती.

आता तुझं उत्तर. मी शिकत गेले, जंतूंच्याच मागं लागले, आणि पुढं एकदा बोटीवर बसून पार उत्तरेच्या समुद्रात जाऊन आले, जिथं हिमनदी डोंगरावरून थेट पाण्यात उतरते. तू समुद्र पाहिला नाहीस, म्हणून सांगते. उजनी धरणाचं पाणी डोळ्यासमोर आण आणि त्याला पलीकडचा काठ नाही असं समज. आम्ही दोराला बांधून एक लांब नळी तळाला सोडली आणि ती गाळानं भरून वर आली. वर तपकिरी पातळ थर, खाली करडा, त्याच्याही खाली काळा. बोटीवरचे सगळे तो काळा गाळ उघडला की तोंड फिरवायचे. मी मात्र वाकून वास घेतला. आपल्या टाकीचा तंतोतंत नव्हता, पण एकाच भावकीतला होता.

तो तळ म्हणजेही टाकीच आहे, आई. वसंतात तिथं सूर्य परत येतो, बर्फ फाटायला लागतो, आणि बर्फाच्या खालच्या अंगाला आणि पाण्यात शेवाळासारखं हिरवं काहीतरी भराभर वाढतं. ते मरतं आणि बुडतं. वर्षाचा बराचसा चारा त्या थोड्या दिवसांत खाली पडतो. खाली जे बसलेत त्यांना तोंड नाही. ते पाचक रस अंगाबाहेर सोडतात, समोरचा तुकडा बाहेरच विरघळवतात आणि मग आत ओढून घेतात. वरच्या पातळ थरातले आपल्यासारखे हवेवर जगतात. त्याच्या खाली हवा संपते, तिथले समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारांवर श्वास चालवतात, म्हणून तो गाळ सडक्या अंड्यासारखा वास मारतो. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण. अगदी खाली, सगळ्यांचं खाऊन झाल्यावर, आपल्या टाकीतल्यांचे भाऊबंद बसलेले असतात. आणि जे कुणालाच पचत नाही ते तिथंच पुरलं जातं, माणसाच्या आठवणीत मावणार नाही इतका काळ.

तर, त्यांना थंडी वाजते का? नाही वाजत. मला वाटलं होतं की तिथले गारठून झोपलेले असतील, आपल्या टाकीसारखे. पण ते त्या पाण्यातच जन्मलेले. बर्फाला टेकलेल्या पाण्यात ते आरामात काम करत असतात. आपली टाकी गोठ्याच्या उबेतली, तिला आपली थंडी बाधायची. त्यांचं तसं नाही. त्यांच्याबाबत आता भीती आहे ती उबेची. तो समुद्र तापतोय. बर्फ लवकर फाटतो, हिमनदी मागं सरकते आणि वितळताना डोंगराची माती आणून तळावर ओतते. ऊब लागली तर खाणारे हात चालवतील का? आजवर जे पुरून राहिलंय त्यालाही तोंड लावतील का? ते खाल्लं गेलं तर त्याचा काही भाग वायू होऊन वर येईल, आणि जग आणखी तापेल. का खरी गोष्ट ऊब नाहीच, वरून चारा किती आणि कधी पडतो ही आहे? बर्फच नसेल तर त्याच्या खालचं शेवाळ कुठून पडायचं? काही जागी जास्त पडतं, काही जागी वाटेतच खाल्लं जातं. आम्हाला सगळं ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं बोलणारे आहेत, पण मला ते मिस्त्री आठवतात, त्ये तिच्या मनावर हाय.

तिथून आणलेला थोडा गाळ आम्ही नळ्यांमध्ये घालून निरनिराळ्या उबेत ठेवला होता. तिथल्या समुद्राइतक्या गार नळ्यांत, आणि जराशा उबदार नळ्यांतही, काम नीट चाललं. एक नळी मात्र आम्ही मुद्दाम फार तापवली, तो समुद्र कधी तापणार नाही इतकी, कारण साखळी कुठं तुटते ते बघायचं होतं. तिच्यात पहिल्या फळीतले सुसाट सुटले, तुकडे करत गेले, आंबवत गेले. आणि त्यांच्या मागचे, जे ते आंबट संपवतात, ते मागं पडले. नळी आंबली. बरोबरचे सगळे आकडे बघत होते आणि मला एकटीला हसू फुटलं. एकानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, अजीर्ण. त्याला वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

तू गेलीस तेव्हा मी इथं सोलापुरात कॉलेजच्या वसतिगृहात होते. त्या वर्षी थंडी लांबली आणि दमा छातीतून निघालाच नाही. धुरानं आधीच जे करून ठेवलं होतं ते टाकी परत कसं देणार होती? पण डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा तू जास्त वर्षं काढलीस, आणि ती निळ्या जाळापुढं काढलीस, एवढं मी मोजून ठेवलंय. दहाव्याच्या सकाळी भावकीतल्या बायका नैवेद्याचा स्वयंपाक करायला जमल्या. संडास जोडलेल्या गॅसवर नैवेद्य करायचा नाही हे कुणाला सांगावंही लागलं नाही. एकजण परसात आत्याच्याच चुलीत सरपण घालायला लागली. आत्या आतून आली. तिनं सरपण उचलून बाजूला ठेवलं, आपल्या हातानं.

"आत शेगडीवर करा सगळं," म्हणाली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं धीर करून म्हटलं, अवो, पर नैवेद्य हाय.

"नैवेद्य तिचा हाय न्हवं?" आत्या म्हणाली. "तिला धूर सोसत न्हाय."

कावळा आला का, पानाला कधी शिवला, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला पाटावर बसली, ताट ओढून घेतलं आणि जेवली. त्यानंतर परसातली चूल पेटली ती फक्त अंघोळीच्या पाण्याला.

आता आत्याही नाही. गोठ्यात जनावरं नाहीत, सिलेंडर आला, टोपी गंजली आणि भंगारात गेली. उरलाय तो विटांचा खड्डा आणि तळाला वाळलेला गाळ. भाऊ चुकीचं काही बोलत नाहीये. शेड झालं पाहिजे, पोरं पडता कामा नयेत. त्यानं विचारलं, तुजं काय म्हणणं, तेव्हा मी नळाच्या धारेकडं बघत म्हटलं की उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांब, मला त्या टाकीतल्या गाळाचा नमुना घ्यायचाय, कामाचा आहे. तो लगेच म्हणाला, "मग घे की. शास्त्राचं काम असल तर थांबतो मी, शेड कुटं पळून चाललंय." वर फळ्या टाकून ठेवतो म्हणाला, तोवर.

हे पत्र कुठं धाडायचं ते मला माहीत नाही. खड्ड्यात टाकलं असतं, पण आत आता खाणारं कुणी उरलेलं नाही, कागद तसाच राहील. म्हणून वहीतच ठेवते. आणि आई, मला नमुना नकोय. त्या वाळक्या गाळात माझ्या कामाचं काहीही नाही. मला फक्त एकदा काठावर उभं राहायचंय. बाटली मात्र घेऊन जाईन, भावाला खोटं वाटू नये म्हणून.